वाण नाही, पण गुण

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे खरीप आला, दिवाळी आली, आणि आळस तर काय, बारमाही. पण या दिवाळीत गावाकडे एक गोष्ट झाली, ती लिहिल्याशिवाय चैन पडेना. घरातली निम्मी मंडळी हे वाचतात, ते लक्षात ठेवूनच लिहितोय. कुणाला राग आलाच तर फोन करा. शिव्या खायची तयारी आहे :)

तर झालं असं. वसुबारसेच्या दिवशी सकाळी आम्ही ओसरीवर बसलो होतो. काकूंची नात आजोळी आलेली. ती सूक्ष्मजीवशास्त्रात एम. एस्सी. करते आहे. सुट्टी संपली की तिला वर्गापुढे एका विषयावर बोलायचं होतं, आणि त्याची तालीम आमच्यावर करायची असं तिनं ठरवलं. श्रोते कोण, तर मी, मोबाइलमध्ये डोकं घातलेले दोन भाचे, आणि मांडीवर कापूस घेऊन वाती वळत बसलेल्या काकू. विषय होता, चागास नावाचा रोग आणि त्याच्या परजीवीचे वेगवेगळे 'स्ट्रेन'.

"स्ट्रेन म्हंजे काय गं?" काकूंनी पहिल्याच वाक्याला अडवलं.

"वाण," मी म्हणालो.

मला ते सांगणं सोपं होतं. तीस-बत्तीस वर्षं जालन्यात बियाण्यांच्या धंद्यात काढली आहेत. आमच्या शहरात 'वाण' हा शब्द कानावर पडल्याशिवाय दिवस मावळत नाही. कपाशीचा वाण, मक्याचा वाण, मिरचीचा वाण. आणि दर हंगामाला ठरलेलं एक भांडण. एकाच लॉटची दोन पाकिटं दोन शेजाऱ्यांनी नेलेली असतात. एकाच्या रानात पीक छातीला लागतं, दुसऱ्याच्या रानात गुडघ्यालाही नाही. दुसरा माणूस दुकानदाराच्या नावानं ओरडत येतो, वाण खराब दिला. आम्ही बांधावर जातो, माती चिमटीत धरतो आणि म्हणतो, वाण चांगला आहे हो, रान मुरमाड आहे. तो म्हणतो, रान बापजाद्यांपासून हेच आहे, तुमचा वाणच भिकार. खरं सांगायचं तर दोघांच्या बोलण्यात थोडं थोडं तथ्य असतं. पण पंचनाम्याच्या कागदात 'थोडं थोडं' लिहायला रकाना नसतो.

असो. पोरगी बोलायला लागली.

ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात लासान्स नावाचं गाव आहे. तिथे रेल्वेचं काम चाललं होतं आणि मजूर हिवतापानं आजारी पडत होते, म्हणून कार्लोस चागास या तरुण डॉक्टरला पाठवलं होतं. मातीच्या भिंतींच्या फटींत राहणारा ढेकणाच्या जातीचा एक मोठा किडा तिथल्या लोकांना रात्री झोपेत तोंडावर चावायचा. चावता चावता तिथेच घाण करायचा. माणूस खाजवतो, घाण जखमेत जाते, आणि तिच्यातला परजीवी अंगात शिरतो. १९०९ साली चागासनं हा परजीवी माणसाच्या रक्तात पाहिला आणि आपले गुरू ओस्वाल्दो क्रूझ यांच्या नावावरून ठेवलेलं त्याचं नाव, ट्रिपॅनोसोमा क्रुझी, जगाला माहीत झालं. आज साधारण ७० लाख लोकांच्या अंगात तो आहे, बहुतेक सगळे दक्षिण आणि मध्य अमेरिकेतले.

गंमत पुढे आहे. लागण झाली की सुरुवातीला थोडा ताप, कुणाला तोही नाही. मग दहा, वीस, तीस वर्षं काहीच नाही. त्यानंतर साधारण तिघांतल्या एकाचं हृदय हळूहळू मोठं व्हायला लागतं, ठोके चुकायला लागतात. काहींची अन्ननलिका किंवा मोठं आतडं फुगतं, घास उतरत नाही. आणि उरलेले? त्यांना काही होत नाही. म्हातारे होऊन दुसऱ्याच कशानं तरी जातात.

चागासनं ज्या पहिल्या रोग्याच्या रक्तात हा परजीवी ओळखला, ती होती बेरेनिस नावाची दोन वर्षांची मुलगी. ही मुलगी सत्तरी ओलांडून जगली. १९६२ साली आणि पुन्हा १९७८ साली तिच्या रक्तातून तोच परजीवी वेगळा काढला गेला. म्हणजे सत्तर वर्षं तो तिच्यात राहिला, आणि या रोगानं तिचं काही बिघडलं नाही. १९८१ साली ती वारली, तीही या रोगानं नाही.

"असं का?" पोरीनं आम्हालाच विचारलं. (वर्गात विचारायची तालीम असावी.) मग तीच सांगायला लागली. या परजीवीची सहा घराणी आहेत, २००९ साली शास्त्रज्ञांनी त्यांना टीसी-१ ते टीसी-६ अशी नावं ठरवली. पहिलं घराणं ॲमेझॉनच्या उत्तरेला जास्त, आणि तिकडे आतडं फुगल्याचे रोगी क्वचित. दक्षिणेकडे, म्हणजे बोलिव्हिया, चिली, अर्जेंटिना आणि मध्य ब्राझीलमध्ये दुसरं, पाचवं, सहावं घराणं जास्त, आणि आतडं फुगणारे रोगी तिकडचे. म्हणजे वाणाप्रमाणे रोगाची चाल बदलते, असं म्हणायला जागा आहे. पण एवढ्यावर भागत नाही. एकाच वाणाची लागण झालेल्या दोघांपैकी एक धडधाकट राहतो आणि एकाचं हृदय जातं. एकाच माणसाच्या अंगात दोन वाण, हृदयात एक आणि अन्ननलिकेत दुसरा, असंही सापडलेलं आहे. त्यामुळे रक्तातला वाण बघून या माणसाचं पुढे काय होणार हे आजही कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

काकू वाती वळता वळता थांबल्या.

"मंग दोष कोणाचा म्हणायचा? जंतूच्या वाणाचा का माणसाच्या अंगाचा?"

"दोन्हीचा, आजी. कुणाचा किती, ते नीट वेगळं काढता येत नाही."

"आन् बैलाचं?"

भाच्यांनी मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही, त्यांना काय माहीत असणार. पोरीलाही कळलं नाही. पण मला कळलं, आणि मी नेमकं त्याच वेळी चहाचा कप आत ठेवायला उठलो.

आता त्या बैलाबद्दल लिहितो.

साल १९७९. तेव्हा जालना जिल्हा व्हायचा होता. तो १ मे १९८१ला झाला. आमचं गाव अंबड तालुक्यात आणि अंबड औरंगाबाद जिल्ह्यात (आताचं छत्रपती संभाजीनगर). मी अकरा वर्षांचा. वैशाखात काकांचं लग्न झालं आणि काकू नांदायला आल्या. माहेर मंठ्याकडचं. वय असेल अठराच्या आसपास. त्याच उन्हाळ्याच्या शेवटी अण्णांनी ढवळ्याच्या जोडीला बाजारातून दुसरा बैल आणला. तांबूस अंगाचा, देखणा. त्याचं नाव अर्थातच पवळ्या ठेवलं. बाजारापासून गावापर्यंत त्याला दोन दिवस चालवत आणलं होतं आणि आणल्या आणल्या पेरणीला जुंपलं होतं.

पोळ्याला दोघं झुलीत शोभून दिसले. त्यानंतर पंधरा दिवसांत पवळ्यानं वैरण सोडली. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. डोळ्यांतून पाणी. मग एका दुपारी तो खुंट्याभोवती गरगर फिरायला लागला. थांबला की डोकं भिंतीला लावून भिंत ढकलल्यासारखं करायचा. मी ते कधी विसरलो नाही. ढोरांचा डॉक्टर सायकलवर आला. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "सर्रा दिसतो. इंजेक्शन जालन्याहून आणावं लागेल." माणूस जालन्याला गेला. तो परत यायच्या आत, पहाटे पवळ्या गेला. शेजारच्या खुंट्याला बांधलेल्या ढवळ्याला काही म्हणजे काही झालं नाही. तो रवंथ करत होता.

रब्बीची पेरणी तोंडावर, घरात एकच बैल. अण्णांनी बैलासाठी काढलेलं कर्ज तसंच अंगावर. शेजाऱ्याच्या बैलाबरोबर सावड करून कशीबशी पेरणी उरकली.

तेराव्या दिवशी की कधी, आजी ओसरीवर चारचौघींत म्हणाली, "एका दावणीचे दोन बैल. एक चारा, एक पाणी. रोग आसता तर दोघांला झाला आसता. हे रोगाचं नाही, पायाचं हाये."

पांढऱ्या पायाची. हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. नीट कळला नाही, पण कुणासाठी आहे ते कळलं. आजीला दुष्ट ठरवायला मी हे लिहीत नाही. तिचा हिशेब तिच्या परीनं सरळ होता. दोन बैल सारखे, गोठा सारखा, मग फरक आला कुठून? घरात त्या वर्षी नवीन काय आलं? दोन गोष्टी नवीन होत्या. एक बैल आणि एक सून. बैल तर मेला होता.

मग काकूंचं गोठ्यात जाणं बंद झालं. म्हणजे शेण काढायला, झाडलोट करायला चालायचं, बरं का! पण पोळ्याला खांदेमळण, शिंगं रंगवणं, पुरणपोळीचा घास भरवणं, यातलं काही त्यांच्याकडे नाही. त्यांनी पुरण वाटायचं आणि चुलीपाशी बसायचं. आजी गेली, अण्णा गेले, काका गेले. बैल गेले, ट्रॅक्टर आला. तरी वसुबारसेला गाईची पूजा करायला दुसरंच कुणीतरी. कुणी मना केलं नव्हतं. तसं कुणी हो सुद्धा म्हटलं नव्हतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ती घराची रीतच होऊन गेली.

आणि आता माझं. ते राहिलंच.

पवळ्या गेल्यानंतरच्या आठवड्यात काकू पाटीत सरकी घेऊन गोठ्याकडे येत होत्या. मी दारात उभा होतो. ढवळ्यावर माझा फार जीव. मी म्हणालो, "तू गोठ्यात येऊ नको. ढवळ्या मरंल." त्यांनी पाटी माझ्यापाशी खाली ठेवली आणि माघारी गेल्या. काही बोलल्या नाहीत. आजीनं म्हटलेलं त्यांनी ऐकलं असेल नसेल, पण तोंडावर म्हणणारा घरात मी पहिला.

कप ठेवून मी परत ओसरीवर आलो तोवर पोरीनं आजीकडून बैलाची हकीकत काढून घेतली होती. माझ्या वाक्याची नाही. ते काकूंनी तिला सांगितलेलं नव्हतं.

"सर्रा?" ती एकदम खूश झाली. (या शास्त्रज्ञ मंडळींना कशाचा आनंद होईल सांगता येत नाही.) "मामा, अहो तो चागासच्याच परजीवीचा लांबचा भाऊ. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. तो तर आपल्याच भागातला!"

१८८० साली, ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या इंग्रजांच्या फौजेतल्या पशुवैद्यानं पंजाबात डेरा इस्माईल खान इथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात हा परजीवी पाहिला. त्याच्या जातीच्या कुठल्या परजीवीमुळे जनावर आजारी पडतं, हे तिथे पहिल्यांदा कळलं. चागासच्या एकोणतीस वर्षं आधी. हा पसरतो गुरांना चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे. आमच्याकडे गोमाशी म्हणतात. माशी एका जनावराचं रक्त पिता पिता शेपटीनं हाकलली जाते, शेजारच्या जनावरावर बसते, आणि सोंडेला लागलेलं रक्त तिकडे पोचवते. बस, एवढंच. पावसाळ्यात आणि त्याच्या मागोमाग माश्या जास्त, तेव्हा रोगही जास्त.

"पण मग ढवळ्याला कामून नाही झाला?" आजीचा प्रश्न काकूंनी विचारला. माझ्या आजीचा. शब्दसुद्धा जवळजवळ तेच.

"झाला असेल की," पोरगी म्हणाली. "घोड्याला, उंटाला, कुत्र्याला हा रोग मारतो. गाई-बैलांत पुष्कळदा तो नुसता अंगात राहतो. बाहेरून काही दिसत नाही. जनावर थकलेलं असलं, कामानं खचलेलं असलं, की मग उसळतो. तुमचा ढवळ्या वरून चांगला दिसत असेल आणि रक्तात परजीवी घेऊन फिरत असेल. कदाचित त्याच्याकडूनच पवळ्याला गेला."

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! ही म्हण मी आयुष्यभर संगतीच्या अर्थानं वापरली. आमच्या गोठ्यात ती अक्षरशः घडली असेल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. (पवळ्यानं तो बाजारातूनच आणलेला असू शकतो, तेही खरं. त्याच्या रक्ताची काच कुणी केली नव्हती.)

मग तिनं चंद्रपूरची हकीकत सांगितली. ही मी नंतर स्वतःही वाचून काढली.

माणसाला सर्रा होत नाही, असं सव्वाशे वर्षं मानलं जात होतं. आपल्या रक्तात एक प्रथिन असतं, एपीओएल-१ नावाचं. ते या परजीवीला भोकं पाडतं, तो फुगतो आणि फुटतो. आफ्रिकेत निद्रारोग देणारे याच घराण्यातले दोन वाण मात्र या प्रथिनाला पुरून उरतात. त्यातला पूर्वेकडचा काही महिन्यांत माणूस मारतो, पश्चिमेकडचा वर्षानुवर्षं रेंगाळतो. सर्राच्या परजीवीला ती विद्या येत नाही. त्यामुळे गोठ्यात माशी आपल्याला चावली तरी आपलं काही जात नाही.

आणि २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला पाच महिने ताप येत-जात राहिला. नागपूरच्या डॉक्टरांनी रक्त बघितलं तर त्यात सर्राचे परजीवी वळवळत होते. माणसातला हा पहिला खात्रीचा रोगी, २००५ साली तो जगापुढे आला. जनावराचं रक्त अंगात गेल्यानं लागण झाली, असा निष्कर्ष निघाला. निद्रारोगावरचं सुरामिन नावाचं औषध दिलं आणि माणूस बरा झाला.

पहिला संशय कुणावर जाणार? वाणावरच. परजीवी बदलला असणार, नवा जहाल वाण निघाला असणार. त्या शेतकऱ्याच्या गावात १८०६ लोकांची चाचणी केली. रक्ताच्या पहिल्या चाचणीत ४१० जणांत लागण होऊन गेल्याची खूण दिसली, पुढच्या कडक चाचणीत त्यातले ८१ टिकले. पण जिवंत परजीवी एकाच्याही रक्तात सापडला नाही. म्हणजे माशी गावात कितीतरी लोकांना चावत होती. परजीवी येत होता आणि मरत होता. आजारी पडला एकटा तो.

२००६ साली बेल्जियमच्या शास्त्रज्ञांनी उलगडा केला. त्या माणसाच्या रक्तात ते प्रथिनच नव्हतं. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि बापाकडची, बिघडलेल्या होत्या. बाहेरून ते प्रथिन मिसळलं तर त्याचं रक्तद्रव परजीवीला मारायला लागलं.

"म्हंजे त्याच्या अंगाचा दोष," काकू म्हणाल्या.

"तसं वाटलं होतं, आजी. पण मग २०१५ साली व्हिएतनाममध्ये एका बाईला हाच रोग झाला. तिच्या रक्तात ते प्रथिन होतं. चांगलं, पुरेसं."

"मंग?"

"मग काय. पुन्हा शोधायचं."

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे एवढाल्या शिकलेल्या लोकांला बी एक धरून नाही सांगता येत. आन् आमच्या सासूबाईंनी चार दिवसांत सांगितलं." आणि हसल्या. त्यांना असं हसताना मी फार वेळा बघितलेलं नाही.

संध्याकाळी गाय-वासराची पूजा. घरात आता एकच गाय आहे. माझी बायको ताट घेऊन निघाली तेव्हा मी म्हणालो, "काकू, आज तुम्ही करा." आवाज जरा जास्तच मोठा निघाला. सगळे बघायला लागले. काकू म्हणाल्या, "आता कशाला, गुडघे दुखतेत." पण उठल्या. ताट हातात घेऊन गोठ्याच्या दारापर्यंत आल्या. तिथे थांबल्या. मग नातीला म्हणाल्या, "तू कर. मी बघते." आणि शेवटपर्यंत चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या.

मला वाटलं होतं आत जातील, डोळ्यांत पाणी येईल, वगैरे. तसं काही झालं नाही. चाळीस वर्षं बाहेर उभं केलेल्या माणसाला एका संध्याकाळी या म्हटलं म्हणून त्यानं यावं, ही अपेक्षा माझीच होती.

ती ज्या दारात उभी होती, त्याच दारात मी ते वाक्य म्हणालो होतो. तेव्हाच माफी मागायला हवी होती. जमलं नाही. जालन्याला परत येताना गाडीत आठवत राहिलं, की बांधावर उभा राहून मी वाणाचा दोष आणि रानाचा दोष असं रोज तोलतो, पगार घेतो त्याचा. आणि घरात अकराव्या वर्षी एका झटक्यात निकाल देऊन मोकळा झालो, तो इतकी वर्षं फिरवला नाही.

काकू हे वाचत नाहीत. पण पोरी, तू वाचतेस. पुढच्या वेळी आजीकडे गेलीस की हे तिला वाचून दाखव. सरकीच्या पाटीचं जिथे आहे, ते सुद्धा. गाळू नकोस.